टॅबवर वाट धरताना: चार फेऱ्यांची नोंद

चौथ्या फेरीत जमलं. सहा तास रेंज नव्हती, तरी नकाशावरचा निळा ठिपका पाऊलवाट सोडून भरकटला नाही. परतीला धुकं उतरलं तेव्हा खिंडीचं तोंड त्याच ठिपक्याच्या आधाराने सापडलं. आधीच्या तीन फेऱ्यांत काय काय अडलं ते सविस्तर लिहितो. टॅब घेऊन रानात जाऊ पाहणाऱ्या बहुतेकांना साधारण याच क्रमाने हेच अडेल, असं मला वाटतं.

पहिली फेरी गाडी लावली तिथेच संपली. घरात ठिकाण बिनचूक दाखवणारा टॅब मोकळ्या माळावर काहीच दाखवेना. त्यात उपग्रहांचा रिसीव्हरच नव्हता. घरी तो आसपासच्या वाय-फाय राउटरांवरून जागा ओळखत होता. सिमची सोय नसलेल्या अनेक टॅबचं असंच असतं. आयपॅडमध्येही सेल्युलर मॉडेलला जीपीएस असतो, फक्त वाय-फायवाल्याला नसतो. सिम घालायलाच हवं असं नाही, पण घेताना रिसीव्हर आहे याची खात्री करा. हातातल्या टॅबवरच भागवायचं असेल तर बाहेरचा ब्लूटूथ रिसीव्हर चालतो. अँड्रॉइडवर त्यासाठी सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समधून 'मॉक लोकेशन' द्यावं लागतं, म्हणजे दुसऱ्या अॅपने दिलेलं ठिकाण वापरायची परवानगी. मी काही दिवस तसंच वापरलं आणि त्यात एक फायदा दिसला: रिसीव्हर सॅकच्या वरच्या कप्प्यात राहतो, त्याला आकाश मोकळं मिळतं, आणि टॅब हवा तसा धरता येतो.

दुसऱ्या फेरीला रिसीव्हर असलेला टॅब होता, पण फिक्स, म्हणजे उपग्रहांवरून काढलेलं आपलं ठिकाण, मिळेना. दाट झाडीत चालत चालत वीस मिनिटं गेली. यामागचं कारण समजून घेतल्यापासून माझी सगळी पद्धतच बदलली. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांचा संदेश सेकंदाला अवघे ५० बिट या वेगाने येतो. उपग्रह स्वतः नेमका कुठे आहे, हा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवला जातो. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पुरतं उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. नेट असलं की हीच माहिती सर्व्हरवरून क्षणात येते, म्हणून शहरात फिक्स लगेच मिळतो. रानात ती आकाशातूनच घ्यावी लागते, आणि मध्ये एखादी फांदी आली, संदेश तुटला, की पुढच्या ३० सेकंदांची वाट बघणं आलं. आपण चालत असलो की तो तुटतच राहतो.

आता मी रेंज असतानाच एक फिक्स घेऊन ठेवतो. त्या वेळी मिळालेला तपशील साधारण चार तास उपयोगी पडतो. पुढे कधी टॅब बंद करून चालू केला, तर मोकळी जागा बघून काही मिनिटं एका जागी उभं राहायचं. आम्ही तेवढ्यात पाणी पिऊन घेतो.

तिसऱ्या फेरीने नकाशाचा धडा दिला, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर आधारलेला ऑफलाइन नकाशा मी उतरवला होता, समोच्च रेषांची (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची; त्या विरळ म्हणजे उतार सौम्य) फाइल वेगळी घेतली होती. रेषा विरळ दिसल्या म्हणून ओढ्याच्या कडेने उतरायला लागलो आणि थेट कड्याच्या डोक्यावर पोचलो. आम्ही मागे फिरलो, दोन तास गेले. ऑफलाइन नकाशांतल्या बऱ्याचशा समोच्च रेषा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांत केलेल्या रडार मोजणीवर आधारलेल्या आहेत. त्या मोजणीतले बिंदू सुमारे ३० मीटर अंतराने आहेत. दहा-बारा मीटरचा उभा तुटका कडा दोन बिंदूंच्या मध्ये सहज हरवतो आणि नकाशावर तिथे साधा उतार उरतो. दाट जंगलात तर रडारला जमिनीऐवजी झाडांचे शेंडेच अधिक दिसलेले असतात. म्हणून आता उतरायची वाट ठरवताना समोच्च रेषांच्या जोडीला उपग्रह छायाचित्राचा थरही आधीच उतरवून ठेवतो. त्यात कड्याची सावली दिसते. मोठा पडदा खरा कामी येतो तो इथे. अख्खी डोंगरधार एका नजरेत घेऊन सोबत्यांशी बसून बोलता येतं; फोनवर ते कधीच नीट जमलं नाही.

बॅटरीचं थोडक्यात. बहुतेक टॅबवर फ्लाइट मोडमध्येही जीपीएस चालतो, आणि नेटवर्क शोधण्यात वाया जाणारं चार्जिंग वाचतं. पडदा बंद ठेवून ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची रेघ, नोंदवायचा. मात्र नकाशाच्या अॅपला बॅटरी बचतीच्या यादीतून वगळा, नाहीतर यंत्रणा ते मागच्या मागे बंद करते आणि ट्रॅकमध्ये दरीवरून सरळ रेघ उमटते. चौथ्या फेरीला १०० टक्क्यांवर निघालो, परतलो तेव्हा ५८ उरले होते. पावसाचे थेंब पडले की स्पर्श भलतीकडेच लागतो, त्यामुळे पारदर्शक पिशवी आणि कोरडा रुमाल सॅकमध्ये असतोच. कागदी नकाशा आणि होकायंत्रही.

सोबत्यांना जागा कळवताना एक काळजी घ्या: अक्षांश-रेखांश कोणत्या पद्धतीत सांगता ते आधी ठरवा. २२.५० अंश म्हणजे २२ अंश ३० मिनिटं. ऐकणाऱ्याने ते २२ अंश ५० मिनिटं असं लिहून घेतलं, तर उत्तर-दक्षिण सुमारे ३७ किलोमीटरचा फरक पडतो. आमच्या गटात आता सगळ्यांचे टॅब आणि फोन दशांश अंशांवर लावलेले आहेत, आणि आकडा ऐकणाऱ्याने परत वाचून दाखवायचा असा नियम आहे.

उंचीचं काम अजून बाकी आहे. उपग्रहांवरून निघणारी कच्ची उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत आणि तिच्यात काही ठिकाणी १०० मीटरपर्यंत अंतर पडतं. माझं अॅप ही दुरुस्ती करतं की नाही, हे उंची कोरलेल्या दगडापाशी थांबून तपासणार आहे. त्याच दिवशी अरुंद घळीत उपग्रहांच्या संदेशांच्या एल१ आणि एल५ अशा दोन्ही वारंवारता घेणारा रिसीव्हर आणि टॅबचा आतला रिसीव्हर असे दोन ट्रॅक शेजारी-शेजारी नोंदवायचे आहेत. घळीच्या भिंतींवरून परावर्तित होऊन येणारे संदेश कोण जास्त चांगले ओळखतो, ते त्यातून दिसेल.