ताकद कुठून आणता?

वहिनी, परवा जिन्यात पिशव्या खाली ठेवून तुम्ही विचारलंत, "बाई, एवढी ताकद कुठून आणता हो तुम्ही? आणि वर हसता कशा?" फिजिओथेरपीचा मुलगाही हेच विचारतो, नणंद तर दर फोनला विचारते. एरवी मी "देवाची कृपा" म्हणून सटकते. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. तुम्ही मात्र उत्तरासाठी थांबलात आणि नेमका वर माझा कुकर शिट्ट्या मारत होता. तुम्ही विचारलंत म्हणून आता निवांत लिहिते.

खरं सांगू का, ताकद माझ्याकडे नसतेच. साठवलेली तर मुळीच नाही. 4 वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मी 35 वर्षं नर्स होते. असे किती पेशंट कुशीवर वळवले, मोजदाद नाही. पण ड्यूटी 8 तासांची असते. घरी चार्ज घ्यायला पुढची सिस्टर येत नाही. पहिले सहा महिने रात्री पडल्या पडल्या मी हिशेब मांडायचे: ह्यांचं वय 64, माझे गुडघे अजून किती वर्षं टिकतील, पेन्शन किती, डायपरचे किती, आणि मीच आधी गेले तर? सकाळी उठायच्या आधीच दमलेली असायचे.

अशाच एका सकाळी भाकरी थापताना आई आठवली. नगरकडचं आमचं घर, चूल, बाजरीचं पीठ. आई भाकरी करता करता प्रभूची प्रार्थना, येशूने शिकवलेली ती, म्हणायची. भाकर तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला की सुरुवात, आणि "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" म्हणेपर्यंत पाणी सुकून ती उलटायला आलेली असायची. मराठी बायबलात तिथे भाकरच आहे. त्यामुळे येशू आमच्याच तालुक्यातला असणार, अशी माझी लहानपणी खात्री होती. त्या ओळीत 'आज' असाही एक शब्द आहे, हे मात्र साठी ओलांडल्यावर दिसलं.

शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या आम्हा पोरांच्या बायबलच्या वर्गात, मान्न्याची गोष्ट सांगायचे. इस्राएल लोक मिसर देशातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटून रानात आले, तेव्हा देव रोज पहाटे त्यांच्यासाठी मान्ना नावाचं अन्न आकाशातून पाडायचा. ज्याने त्याने त्या दिवसापुरता वेचायचा. उद्यासाठी राखला की त्यात किडे पडायचे आणि घाण सुटायची. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशीचा दुप्पट तेवढा टिकायचा. आम्हा पोरांना त्या किड्यांचीच मजा वाटायची. रात्री दोन वाजता मी तरी दुसरं काय करत होते? दहा वर्षांचा मान्ना एकदम भरून ठेवायला निघाले होते. आता पहाटे गॅस पेटवताना एवढंच म्हणते, "प्रभू, ह्यांची आंघोळ होईपर्यंतचं बघ." आंघोळ झाली की जेवणापर्यंतचं. बहुतेक वेळा पुरतं.

कधी नाहीही पुरत. मागच्या पावसाळ्यात तिसऱ्यांदा चादर ओली झाली, तेव्हा मी स्टीलचा पेला भिंतीवर फेकला. पोचा तुम्ही पाहिलाय, कपाट सरकवताना पडला म्हणून मी थाप मारली होती. त्या दिवशी गोड प्रार्थना सुचली नाही. पण आमच्या बायबलात 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांत रडगाणीही पुष्कळ आहेत. देवा, किती दिवस, मला विसरलास का, असं तोंडावर विचारणारी. त्यातलंच एक मोठ्यानं वाचलं आणि मग चादर बदलली.

एक गृहस्थ मात्र मला सोसले नाहीत. आले, ह्यांच्या डोक्याला तेल लावलं, अर्धा तास मोठ्या आवाजात प्रार्थना केली आणि निघताना म्हणाले, "बाई, तुमचा विश्वास कमी पडतोय." त्यांना चहा दिला. बिस्किटं दिली नाहीत.

नगरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. पुढच्याच वर्षी, 5 एप्रिलला, बाई स्वतः गेल्या. मधल्या त्या महिन्यांतही मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलाची छपाईची मुद्रितं तपासणं चालूच होतं. त्यांचा विश्वास कमी होता असं त्यांना कोणी सांगितलं असतं का? केडगाव आलं की मी अजून खिडकीशी सरकते.

आता हसण्याचं. दर मंगळवारी आमच्या चर्चच्या मंडळीतला एक मुलगा येऊन ह्यांची दाढी करतो. देवाचा विषय काढत नाही, क्रिकेटचा काढतो. महिन्यातून एकदा घरी उपासना असते, पेटी आणि टाळ घेऊन दहा-बारा माणसं येतात. आमची गीतं तुमच्या भजनांच्या चालींवर असतात हे तुम्ही एकदा भिंतीपलीकडून ओळखलंत. त्यातली कितीतरी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची, आमच्या नगरात राहिलेले ते. तर दोन वर्षांपूर्वी अशाच उपासनेत टिळकांचं गीत चालू होतं आणि खाटेवरून आवाज आला. ज्या माणसाला पाणी मागता येत नाही, तो अख्खं कडवं शब्दांसकट म्हणत होता. मी नर्स आहे, चमत्कार म्हणणार नाही. बोलणं बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला असतं आणि गाण्याला उजवी बाजूही हात देते, म्हणून असं होतं. पण हे तालात तेव्हाही एक मात्रा मागेच! लग्नापासून मागेच आहेत. पेटीवाले भाऊ गप्प थांबले, ह्यांनी ओळ पुरी केली आणि मी इतकी हसले की पदर तोंडात कोंबावा लागला. नंतर मोरीत जाऊन रडले, तेही सांगून टाकते.

पुढची उपासना येत्या शनिवारी पाच वाजता आहे. भाऊजींनाही घेऊन या, चहा-बिस्किटं दोन्ही आहेत. फक्त एक लक्षात ठेवा. ह्यांना पाणी हवं असलं की तोंडातून अजून "पेन" येतं. द्यायला पेन शोधत बसू नका.