सारख्या लांबीचे दोन बांगडे

मी बेळगावात झूलॉजी शिकवतो. एमएस्सीच्या एका निपाणीच्या पोरीनं सेमिनारला नॉर्वे-रशियाच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा घेतलेला, तो काय खातो आणि अंगानं कसा भरतो. विषय भारीच, नॉर्वे आणि रशियावाले 1984 पासून तिथल्या कॉडची पोटं फाडून आत काय सापडलं त्याची नोंद ठेवतायत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तिथं कॅपलिन नावाचा बारका मासा जवळपास संपला, मग कॉडची वाढ खुंटली, लिव्हर बारीक झाली आणि 1987 ला तर उपाशी सील नॉर्वेच्या किनाऱ्याला येऊन जाळ्यात अडकायला लागले.

आता पोरीचं म्हणणं, फुल्टनचा आकडा, म्हणजे लांबीच्या मानानं मासा किती भरलेला ते सांगणारा, जास्त असला की मासा खाऊन-पिऊन सुखी. ग्रॅममधलं वजन गुणिले शंभर, भागिले सेंटीमीटरमधल्या लांबीचा घन, झालं. म्हटलं बघूया की, आणि कॅम्पातल्या बाजारातनं बांगडे आणले, पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून बोटी सुरू झालेल्याच होत्या. मावशी एक हातात देत म्हणाली, "ह्यो घ्या सर, गाबोळीचा हाय." मी काय बोललो नाही, पिशवीत टाकला.

लॅबमध्ये दोन निघाले नेमके 22 सेंटीमीटरचे. एक 122 ग्रॅम, दुसरा 112. आकडे 1.15 आणि 1.05, पोरं खूश, जाडा जास्त खातो म्हणून मोकळी झाली. फाडले तर जाड्याचं पोट रिकामं, थोडा चिकट रस फक्त, आणि बारक्याचं गच्च, स्लाइडवर घेतलं तर कोपेपॉडच कोपेपॉड, म्हणजे पाण्यात तरंगणारे कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव, लांब मिशांसकट, आर्क्टिकातला ध्रुवीय कॉड बर्फाखाली खातो त्याच जातकुळीतले, फक्त तिथले चरबीनं तट्ट फुगलेले असतात.

सगळी गप्प. तेवढ्यात खानापूरकडचे आमचे अटेंडर मामा टेबल पुसत म्हणाले, "आतडी-गाबोळी काढून वजन करा की ओ सर." केलं. 104 आणि 103! म्हणजे सगळा फरक गाबोळीचा, अंगाचा नव्हेच. पोटातलं म्हणजे नुसतं त्या दिवसाचं जेवण, अंग भरायला महिने लागतात, आणि अंडी धरली की हिशोब आणखी बिघडतो. मला विचाराल तर पोटासकट वजन घेऊन काढलेल्या आकड्यावर माझा विश्वास कमीच, कुठल्या महिन्यातला मासा ते तरी सांगा.

पोरगी हट्टी, लगेच म्हणाली मग कॉडसारखं लिव्हर मोजूया. पण कॉड चरबी लिव्हरमध्ये साठवतो, बांगड्याची मुरते मांसात, त्यामुळं इथं ते चालत नाही. मग तेल काढूनच बघायला पाहिजे, त्यासाठी केमिस्ट्रीवाल्यांचं सॉक्सलेट मागितलंय, बघू सोमवारी देतात का, गेल्या वेळी मासळीचा वास येतो म्हणून नाही म्हणाले होते.