‘पुढे काय झाले?’

ब्लॉग वाचनीय कशामुळे होतो असे विचारले की बहुतेकांची उत्तरे भाषेपाशी येऊन थांबतात. ओघवती शैली, मार्मिक विनोद, निर्दोष शुद्धलेखन. माझा अनुभव निराळा आहे. भाषा बेताची असलेले काही ब्लॉग मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे, आणि सुरेख भाषेचे कितीतरी ब्लॉग दोन-चार नोंदी वाचून सोडून दिले आहेत. या दोहोंत फरक काय, याचा विचार करताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. जे ब्लॉग माझ्या वाचनात टिकले, त्यांचे लेखक आपल्याच जुन्या विषयाकडे परत येतात आणि पुढे काय झाले ते सांगतात.

आमच्या खानदेशातले केळीचे उदाहरण घेतो. रावेर-यावल पट्ट्यात केळीवर लिहिणाऱ्यांची वानवा नाही. मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची, लागवड झाली की हिरव्यागार रोपांची छायाचित्रे येतात, कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळा सरतानाच्या लागवडीच्या, वेळी पुन्हा येतात, ठिबकचे गुणगान होते, ग्रँड नैन या जातीच्या ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपांचे कौतुक होते. घड कापायची वेळ येईपर्यंत मात्र लेखक दुसऱ्याच विषयाकडे वळलेला असतो. मी ज्या एका शेतकऱ्याचा ब्लॉग नेमाने वाचतो, त्याने हा क्रम मोडला. लागवडीनंतर काही आठवड्यांनी त्याने लिहिले की बागेत हरण्या दिसला आहे. हा विषाणूजन्य रोग मावा किडीमार्फत पसरतो, त्यावर औषध नाही, आणि रोगट झाडे उपटून लांब नेऊन पुरणे एवढाच उपाय शेतकऱ्याच्या हाती उरतो. त्याने झाडे उपटली, रिकाम्या जागी नवी रोपे लावून नांग्या भरल्या आणि तेही लिहिले. शेजारच्या शेतात काकडी होती, बांधावर तण होते आणि या दोन्हींवर तो विषाणू आणि मावा पोसले जातात, हे त्याला नंतर समजले आणि तेही पुढच्या नोंदीत आले. उन्हाळ्यात वावटळीने बागेची पश्चिमेकडची बाजू झोपवली. तेव्हा वारा अडवायला कडेला शेवरी लावली असती तर किती झाडे वाचली असती, याचा हिशेब त्याने मांडला. शेवटी कापणी आली तेव्हा जाहीर झालेला भाव आणि प्रत्यक्षात हातात पडलेला भाव हे दोन्ही आकडे त्याने शेजारी शेजारी लिहिले. या नोंदींपैकी एकही नोंद स्वतंत्रपणे वाचली तर साधारण वाटेल. सलग वाचल्या की कृषी प्रदर्शनातल्या कोणत्याही पत्रकात न सापडणारे ज्ञान त्यांत सापडते, कारण त्यांत एका माणसाचा अंदाज आणि त्याच माणसाचा परिणाम एकत्र ठेवलेले आहेत.

याउलट मतांचे ब्लॉग. शेतमालाला भाव का मिळत नाही, तरुण पिढी वाचत का नाही, गावे ओस का पडत आहेत, हे विषय वाईट नाहीत. परंतु त्यांवरची नोंद लिहून झाली की लेखकावर कसलीच जबाबदारी उरत नाही. मत चुकले हे त्याला कोणी विचारायला येत नाही आणि तोही स्वतःला विचारत नाही. अशा नोंदींखाली ‘अप्रतिम’, ‘अगदी मनातले लिहिलेत’ असे अभिप्राय साचतात. अभिप्राय देणाऱ्याच्या ब्लॉगवर जाऊन तशीच दाद परत दिली जाते आणि ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ असा व्यवहार दोन्ही बाजूंनी सुखाने चालू राहतो. मला त्यात फारसे पाप दिसत नाही, लिहिणाऱ्याला दाद हवीच असते. फक्त वाचकाने तिथे थांबण्याचे कारण उरत नाही, इतकेच.

या सवयीचा काही दोष ब्लॉगच्या रचनेतही आहे. ‘ब्लॉगर’ ही सुविधा 1999 साली सुरू झाली आणि 2003 मध्ये गूगलने ती विकत घेतली. युनिकोडमुळे देवनागरी लिहिणे सोपे झाले, तेव्हा मराठी माणसे याच आयत्या साच्यात लिहू लागली. त्या साच्यात ताजी नोंद सर्वांत वर असते आणि जुनी नोंद खाली खाली सरकत जाते. म्हणजे लेखकाचे लक्ष सतत पुढच्या नोंदीकडे लागावे, अशीच ही मांडणी आहे. तरीही पानाच्या कडेला वर्ष-महिन्यांची यादी असते, जुनी नोंद तारखेसह सापडते आणि तिचा दुवा देता येतो, ही मोठी सोय होती आणि आजही आहे. 1 जुलै 2013 रोजी गूगल रीडर बंद झाले, तेव्हा अनेक ब्लॉगांवरच्या नव्या नोंदी एकाच ठिकाणी आणून देणारे एक मोठे साधन नाहीसे झाले. लिहिणारे आणि वाचणारे दोघेही आधीपासून फेसबुककडे सरकत होतेच, पुढे ते व्हॉट्सॲपवर गेले. तिथे लिखाण वेगाने पोचते; लेखकाचे नाव गळून पडते, तारीख गळून पडते, आणि तीन वर्षांपूर्वीचे ‘उद्यापासून पाणीकपात’ आजही कोणीतरी धास्तीने पुढे पाठवत असतो. ज्या माध्यमात जुने सापडतच नाही, तिथे ‘पुढे काय झाले’ हा प्रश्न विचारायचा कोणाला? ब्लॉगकडे जुन्या नोंदींचा साठा आहे. ज्या ब्लॉगरला त्याचा उपयोग करायचा नाही, त्याने खुशाल व्हॉट्सॲपवर लिहावे; त्याला तिथे वाचक जास्त मिळतील.

खानदेशावरच्या ब्लॉगांविषयी माझी एक खास तक्रार आहे. बहिणाबाई, वांग्याचे भरीत आणि पंचेचाळीस अंशांचे ऊन, या तिघांखेरीज इथे काही घडत नसावे, असे ते वाचून बाहेरच्या माणसाला वाटेल. बहिणाबाईंविषयी मला नितांत आदर आहे, म्हणूनच त्यांच्या नावाचा असा वापर खटकतो. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईंनी आपल्या कामाच्या भाषेत ओव्या रचल्या, त्या घरातल्या माणसांनी टिपून ठेवल्या आणि त्यांचा संग्रह त्यांच्या निधनानंतर 1952 मध्ये प्रसिद्ध झाला. जाते, विहीर, खोपा, पेरणी, असे त्यांनी जे रचले ते रोज हात लागणाऱ्या गोष्टींवरचे होते. त्यांचे नाव घेऊन लिहिणारे आम्ही मात्र आमच्या हाताला रोज लागणाऱ्या गोष्टी सोडून त्यांच्याच ओव्या पुन्हा उतरवत बसतो. पाककृतींचेही तसेच. कळण्याच्या भाकरीवरच्या नोंदीत आजीच्या आठवणींचे चार परिच्छेद असतात. ज्वारीत उडीद किती घालायचा, हे शोधायला मात्र शेवटपर्यंत खाली जावे लागते.

स्थानिक इतिहासाच्या ब्लॉगांत तर परत येण्याची गरज सर्वांत जास्त आहे. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसराविषयी लिहिणारे बहुतेक जण भास्कराचार्य तिथेच जन्मले, असे छातीठोकपणे लिहितात. तिथल्या पाटण गावच्या शिलालेखात प्रत्यक्षात काय आहे? तो तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्याने मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातल्या सामंतांनी त्याला दान दिले, अशी त्यात नोंद आहे. हा लेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. स्वतः भास्कराचार्यांनी आपला जन्म शके 1036 म्हणजे 1114 सालचा असल्याचे सांगितले आहे आणि सह्याद्रीच्या आश्रयाचे आपले गाव विज्जडविड असल्याचे लिहिले आहे. ते गाव नेमके कोणते, यावर अभ्यासकांत वाद आहे. मठाच्या लेखावरून जन्मस्थानाकडे जाणे हा तर्क आहे, पुरावा नव्हे. या विषयावर लिहिणाऱ्या एका ब्लॉगरने आधी इतरांसारखेच लिहिले होते. पुढे त्याने लेखाचे वाचन मिळवले आणि जुनी नोंद न पुसता तिच्या खाली दुवा देऊन नवी नोंद लिहिली: लेखात एवढे आहे, एवढे नाही, आणि मी पूर्वी जे लिहिले त्यातले अमुक वाक्य टिकत नाही. त्या दिवसापासून मी त्याच्या किल्ल्यांवरच्या नोंदीही विश्वासाने वाचू लागलो. थाळनेर आणि लळिंग यांच्याविषयी त्याने जे लिहिले आहे, त्यातले ऐकीव काय आणि पाहिलेले काय, हे तो वेगळे करून सांगेल, याची आता मला खात्री असते.

लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात अशी देवघेव असण्याची परंपरा आमच्या भागाला परकी नाही. साने गुरुजी 1924 मध्ये अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तिथल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढीत. छपाई नाही, वर्गणी नाही, जाहिरात नाही, आणि वाचक म्हणजे एकाच छपराखाली राहणारी मुले. लेखक आणि वाचक रोज समोरासमोर येणार असल्यावर अघळपघळ लिहिता येत नाही. सोमवारी जे करा म्हणून लिहिले ते मंगळवारी आपण केले की नाही, हे मुले पाहतच असतात. आजच्या ब्लॉगरला हजारभर अनोळखी वाचकांची आस लागलेली असते. मला विचाराल तर, ज्याला आपले म्हणणे पडताळून पाहता येते असे पंधरा-वीस वाचक असलेला ब्लॉग अधिक सकस असतो.

परत येऊन लिहिणे सोपे नाही, हे मान्य करायला हवे. फसलेल्या बागेविषयी, न विकल्या गेलेल्या मालाविषयी किंवा अर्ध्यावर सुटलेल्या अभ्यासाविषयी चारचौघांत सांगायला संकोच वाटतो, आणि गावात तर नातेवाईकच आधी वाचतात. शिवाय काही विषयांत पुढे काही घडतच नाही. अशा वेळी ‘अजून काही झालेले नाही’ एवढी दोन ओळींची नोंदसुद्धा मला चालते. लेखक बेपत्ता झाला की त्याच्या आधीच्या नोंदींचेही वजन कमी होते, कारण त्यातला कोणता सल्ला टिकला आणि कोणता फसला हे ठरवायला वाचकाकडे काहीच उरत नाही.

असे अर्ध्यावर राहिलेले काही ब्लॉग मी अजून वाचतो. त्यांपैकी एकाने शिरपूरच्या धर्तीवर गावचा नाला रुंद आणि खोल केल्याचे तपशीलवार लिहिले होते: कोणता थर लागला, माती कुठे टाकली, बंधारे कुठे घातले, यंत्राच्या डिझेलसाठी वर्गणी कशी जमवली. पहिल्या पावसानंतर पाण्याने भरलेल्या नाल्याची छायाचित्रेही होती. नोंदी तिथेच थांबल्या. त्यानंतर पावसाळे येऊन गेले. त्याच्या विहिरीचे पाणी आता मार्चपर्यंत टिकते की पूर्वीसारखे जानेवारीतच तळ गाठते, नाल्यात गाळ किती भरला आणि तो काढायचा खर्च कोण करते, एवढे त्याने लिहावे.