आगोटीच्या आधी: वेसावे, दादर, लालबाग

आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकावी. वर्सोवा मेट्रो स्थानकावरून रिक्षाने सकाळी ७ ला वेसावे कोळीवाड्यात उतरलो. बांबूच्या मांडवावर बोंबील जोडीने टांगलेले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून. ताज्या बोंबलात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते ऊन-वाऱ्यावर जातं, मीठ लागत नाही. घेताना शेपटीकडे धरून पाहावा. ताठ राहिला तर घ्यावा, मान टाकली तर आत ओल आहे. अशा बोंबलाला घरी आठवड्यात बुरशी धरते.

नीट वाळला तरी बोंबील फार तर वर्षभर टिकतो. वर्षांनुवर्षं टिकणारं हवं तर दादर गाठावं.

अंधेरीहून लोकल, दादर पश्चिमेला बाहेर. घरगुती पदार्थांच्या दुकानात नुसतं लिंबाचं लोणचं मागितलं तर यंदाचं पिवळं पुढे करतात. ‘जुनं, मुरलेलं, बिनतेलाचं’ असं स्पष्ट सांगावं. चार-पाच वर्षांचं लिंबू काळंभोर होतं, साल बोटाने दाबली की विरघळते. तापातून उठलेल्याला पेजेबरोबर हेच. काळा रंग पाहून घाबरू नये, तो मुरण्याचा आहे.

घरी घालायचं तर पातळ सालीची १ किलो लिंबं धुऊन, पुसून रात्रभर पंख्याखाली. फोडींना २५० ग्रॅम खडेमीठ चोळून चिनीमातीच्या बरणीत भरावं, वरून आणखी ५-६ लिंबांचा रस. फोडी रसात बुडायलाच हव्यात. वर डोकावणारी फोड पहिली नासते. तोंडाला दादरा (कापडाचं फडकं) बांधून १५ दिवस उन्हात, रोज बरणी हलवायची. मीठ कमी घालण्याचा मोह टाळावा. मीठ जंतूंना पाणी मिळू देत नाही, आंबटपणा त्यांना वाढू देत नाही, सगळा टिकाऊपणा एवढाच. ओला चमचा गेला की तेवढ्या जागी मीठ पातळ होतं, आणि बुरशी तिथूनच सुरू होते. वर पांढरं दिसलं तर कण गरम पाण्यात टाकावा: विरघळला तर मीठ, लोकरीसारखा तरंगला तर बुरशी. मग वरचं काढून खालचं खाऊ नये, बरणीच टाकावी. ॲल्युमिनियमचं भांडं तर नकोच, आम्ल ते खातं.

हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की उघडं मीठ पाणी ओढू लागतं. मुंबईच्या पावसाळ्यात खारी मासळी चिघळते ती त्यामुळे. झाकण घट्ट असेल तर लोणच्याला फरक पडत नाही.

शेवटी मध्य रेल्वेने करी रोड, तिथून चालत लालबाग. मिरच्या, धणे, मसाला कुटणाऱ्या डंकांची धडधड, आणि शिंका. चिंच इथेच घ्यावी. घरी चिंचोके काढून, मीठ लावून गोळे करावेत. जुनी काळपट चिंच आमटीला कमी लागते. मसाला गिरणीतून गरमच हाती येतो. तो तसाच भरला तर झाकणाला आतून घाम सुटतो आणि गुठळ्या होतात. परातीत पसरून पूर्ण निवू द्यावा. मग बरणीत दाबून भरताना तळाला, मध्ये आणि वर हिंगाचा एकेक खडा.