आधी दाराचं माप आणा

“काका, घरी मिलिंग मशीन घ्यायचंय. कोणतं घेऊ?”

महिन्यातून दोनदा तरी हा प्रश्न येतो. मिलिंग मशीन म्हणजे फिरत्या कटरने धातू कापून आकार देणारं मशीन. आयटीआयची पोरं विचारतात, नाशिकच्या अंबडला नोकरी करून संध्याकाळी स्वतःचं काहीतरी करू बघणारे इंजिनिअर विचारतात, आणि रिटायर होऊन घरी बसल्यावर ज्यांचे हात शिवशिवतात तेही विचारतात. सातपूरच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात, माझी एकतीस वर्षं गेली आणि आता सिडकोतल्या घरामागच्या पडवीत माझं स्वतःचं मशीन आहे, एवढ्या भांडवलावर मी जाणकार ठरलोय. सगळ्यांना मी एकच सांगतो: आधी दाराचं माप आणा. समोरच्याला वाटतं, म्हातारा टाळतोय.

टाळत नाही हो. माझं मशीन आणलं तो दिवस सांगतो. तीनशे किलोचं जुनं व्हर्टिकल मिलिंग. छोटा हत्ती गल्लीच्या तोंडाशी थांबला, कारण गल्लीत गणपतीचा मांडव. तिथून घरापर्यंत खाली तीन पाइप टाकून, मागून पहार लावून, दोन हमाल आणि मी असं ते मशीन ढकलत आणलं. मागचा पाइप मोकळा झाला की उचलून पुढे टाकायचा. दाराशी आलो तर टेबल अडकलं. दोन्ही बाजूंची हँडलं काढली, तरी दोन सूत कमी. शेवटी दाराचा कडीकोयंडा उखडला तेव्हा कुठे ते आत गेलं. सौभाग्यवती म्हणाल्या, “मी फ्रीज बदलायचा म्हटलं की दार लहान असतं, नाही का?”

म्हणून दार, जिना, फरशी. वरच्या मजल्यावर राहत असाल तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला, साठ किलोच्या टेबलावरच्या मशीनपलीकडे बघू नका. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमची लहान कामं त्यावर छान होतात. तळमजला असेल, खाली चांगलं काँक्रीट असेल तर दीडशे ते तीनशे किलोमध्ये बघा. टूलरूममध्ये असतं तसलं टरेट मिलिंग, म्हणजे अमेरिकेत ब्रिजपोर्ट गावात १९३८ साली जे निघालं त्या घराण्यातलं, ते एक टनाच्या आसपास जातं. त्याला हायड्रा क्रेन लागते, आणि हायड्रा आमच्या गल्लीत वळत नाही.

वजनाचं मी एवढं का लावून धरतो? लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरतो, इथे कटर फिरतं आणि जॉब सरकतो. कटरचा एकेक दात जॉबवर येऊन आपटतो. साध्या माइल्ड स्टीलमध्ये दहा एमएमचं हायस्पीड स्टीलचं एंडमिल, म्हणजे दांड्यासारखं कटर, चालवायचं तर मिनिटाला पंचवीस मीटरचा वेग धरून साधारण ८०० आरपीएम येतात. चार दात असले तर मिनिटाला ३२०० टिचक्या झाल्या. हलकं मशीन त्या टिचक्यांनी थरथरतं, जॉबवर खवल्यांसारख्या रेघा उठतात आणि कटरची धार अर्ध्या तासात जाते. बिडाचं वजन ती थरथर गिळतं. मोटार किती एचपीची हे लोक पहिल्यांदा विचारतात. मी कॉलमवर, म्हणजे मशीनच्या उभ्या खांबावर, मूठ आपटून बघतो.

आणि कॉलम गोल नको. गोल खांबाची मशीनं स्वस्तात मिळतात, पण हेड, म्हणजे कटर फिरवणारा वरचा भाग, वरखाली करायला सैल केलं की ते खांबाभोवती फिरतं आणि तुम्ही काढलेलं सेंटर गेलं. ड्रिल लावून भोक पाडलं, त्याच भोकात बोरिंग करून ते मापाला मोठं करायचं म्हणून हेड वर घेतलं, की सेंटर पुन्हा पहिल्यापासून. चौकोनी कॉलमच घ्या, ज्यावर हेड डव्हटेलवर, म्हणजे तिरप्या कडांच्या खाचेवर, सरकतं. ड्रिल मशीनखाली सरकतं टेबल लावून मिलिंग करतो म्हणणारेही भेटतात. ड्रिल चक बहुधा निमुळत्या टेपरवर नुसता दाबून बसवलेला असतो. त्याला आडवा दाब सोसत नाही, चक निसटून फिरत्या कटरसकट खाली येतो. तो नाद सोडा. एंडमिलला कोलेट चकच हवा, म्हणजे चिरा पाडलेल्या बुशीने कटर चहूबाजूंनी आवळणारा. ईआर ३२ चा सेट घेतला तर दोनपासून वीस एमएमपर्यंतची शँक, म्हणजे कटरचा दांडा, धरता येते.

नवं की जुनं, यावर मी जुन्याच्या बाजूचा. नाशिकला हा माल फिरत असतो. सातपूर-अंबडमधला एखादा शेड बंद होतो, एखादा कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी घेतो आणि जुनं विकायला काढतो. फक्त ताज्या रंगाला भुलू नका. एका व्यापाऱ्याकडे मी असंच हिरवंगार चकचकीत मशीन बघितलं होतं. टेबल मधोमध आणलं, गिब पट्टीचे, म्हणजे स्लाइड घट्ट-सैल करणाऱ्या पट्टीचे, स्क्रू आवळून प्ले, म्हणजे सैलपणा, काढला आणि हँडल फिरवत टेबल टोकाला न्यायला लागलो. निम्म्या वाटेवर ते असं जाम झालं की हँडल हलेना. वर्षानुवर्षं सगळं काम मधल्या वीतभर जागेत झालेलं असतं. स्लाइड मधेच झिजते, टोकं कोरी राहतात. मधल्या झिजेला गिब बसवली की टोकाला टेबल अडकणारच. व्यापारी म्हणाला, ग्रीस कमी आहे. मी चहा पिऊन निघालो.

स्पिंडलचा, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याचा, टेपर फडक्याने पुसून आत डायल गेजची, म्हणजे काट्याच्या मापकाची, पिन टेकवा आणि हाताने फिरवा. काटा एका रेघेच्या, म्हणजे ०.०१ एमएमच्या, आत हलला तर उत्तम. मग सगळ्यात वरच्या स्पीडला वीस मिनिटं चालवून स्पिंडल थांबवा आणि त्याच्या नाकाला, म्हणजे खालच्या टोकाला, हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर बेअरिंगचा खर्च धरूनच भाव करा. हँडल एकीकडून दुसरीकडे फिरवताना टेबल हलायच्या आधी डायल किती रिकामं फिरतं तेही मोजा. ०.२ एमएमपर्यंत मी चालवून घेतो.

या रिकाम्या फिरण्याचा अर्थ मला घरी आल्यावर नीट कळला, एकतीस वर्षांनंतर. कारखान्यात मशीनं घट्ट होती. दिंडोरीला भाच्याची द्राक्षबाग आहे, त्याच्या ब्लोअरचं ब्रॅकेट तुटलं. “मामा, उद्या फवारणी आहे,” म्हणत तो रात्री आला. घाईत मी जॉब कटरच्या फिरण्याच्या दिशेनेच सरकवला, ज्याला क्लाइंब म्हणतात. दाताने जॉब स्वतःकडे ओढला, स्क्रूमध्ये जेवढा प्ले होता तेवढं टेबल एका झटक्यात पुढे गेलं आणि सहा एमएमचं एंडमिल काडीसारखं मोडलं. तुकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशीच्या दिवशी घुसला. कॅलेंडर अजून तसंच ठेवलंय, आणि चष्मा आता मशीनच्या स्विचलाच टांगलेला असतो. जुन्या मशीनवर कटरच्या विरुद्ध दिशेनेच कापा. फिनिशिंगला क्लाइंब घेतलाच तर अगदी पापुद्रा.

विजेचं काम वायरमनकडूनच करा, पण विचारायचं काय ते माहीत असू द्या. कारखान्यातली मोटार थ्री फेज, घरात सिंगल. मधे व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह, लावता येतो. तो सिंगल फेजचे २३० व्होल्ट घेऊन थ्री फेजचे २३० देतो. मोटार मात्र ४१५ ची असते. तिच्या डब्यात सहा टोकं बाहेर काढलेली असली आणि स्टारमध्ये जोडलेली असली तर ती डेल्टामध्ये बदलून मोटार २३०-२४० ला चालते. तीनच टोकं दिसली तर मोटार खोलावी लागेल. आणि मशीनचा जुना स्टार्टर व्हीएफडी आणि मोटारीच्या मधे ठेवू नका. चालू ड्राइव्हची लाइन मधेच तुटली तर ड्राइव्ह जाण्याची भीती.

मशीन जागेवर बसलं की लोकांना वाटतं झालं. माझा त्यानंतरचा अख्खा रविवार गेला. लेव्हल बघून चार पायांखाली शिम, म्हणजे पत्र्याच्या पातळ चकत्या, देणं हे तासाभराचं काम, मशीन पिळून बसू नये एवढंच त्यात बघायचं. खरा वेळ खाल्ला हेडने. स्पिंडल टेबलाशी काटकोनात आहे का, हे बघण्यासाठी स्पिंडलमध्ये आडवी सळई धरून तिच्या टोकाला डायल गेज लावतात आणि गोल फिरवतात. टेबलावर टी-स्लॉट, म्हणजे बोल्ट अडकवायच्या खाचा, असल्यामुळे पिन त्यात पडते. त्यासाठी माझ्याकडे एका मोठ्या बेअरिंगची बाहेरची रिंग आहे, अंबड लिंक रोडला भंगार बाजार होता तेव्हा तिथून किलोच्या भावात आणलेली. रिंगच्या दोन्ही बाजू कारखान्यातून समांतर ग्राइंड होऊन आलेल्या असतात. ती टेबलावर ठेवायची आणि पिन तिच्यावरून फिरवायची.

डावीकडे शून्य, उजवीकडे बारा रेघा. म्हणजे ०.१२ एमएम. हेडचे बोल्ट किंचित सैल केले, लाकडी हातोडीने एक टिचकी मारली. उजवीकडे चार. अजून अर्धी टिचकी. एक. खूश होऊन बोल्ट आवळले आणि पुन्हा फिरवलं तर सहा! बोल्ट आवळताना हेड स्वतःच सरकतं. मग बोल्ट थोडा थोडा, एक इकडचा एक तिकडचा, प्रत्येक वेळी गेज फिरवून. दोनदा चहा थंड झाला. तिसऱ्यांदा ही कप घेऊन आली ती तशीच उभी राहिली आणि काटा बघायला लागली. “आता किती?” “दीड.” “मग पुरे की.” मी एकावर आणलं. पुढून मागे बघितलं तर तिथे पाच होते. तो दोष हेड फिरवून जात नाही, कॉलमखाली शिम घालावी लागते. ते पुढच्या रविवारी.

हेडनंतर व्हाइस, म्हणजे जॉब धरणारा शिकंजा. न हलणाऱ्या जबड्यावरून गेज फिरवून तो टेबलाच्या चालीशी समांतर करायचा. हलणाऱ्या जबड्यावर कधीच भरवसा ठेवू नका, आवळताना तो जॉबसकट उचलला जातो. म्हणून मी जॉब आणि हलणाऱ्या जबड्याच्या मधे एक गोल सळई आडवी धरतो, आणि जॉबखालच्या पॅरललवर, म्हणजे टेकूच्या समांतर पट्ट्यांवर, वर्तमानपत्राच्या चिठ्ठ्या ठेवतो. व्हाइस आवळला, वरून नायलॉनच्या हातोडीने ठोकलं, की चिठ्ठ्या ओढून बघायच्या. एकही निघाली नाही तर जॉब खाली बसला. एक जरी सुटली तरी तो कोपरा अधांतरी आहे.

पैशांचं थोडक्यात सांगतो. जेवढं मशीनला ठेवलंत त्याच्या निम्मं तरी व्हाइस, कोलेट, क्लॅम्प, गेज आणि कटरला बाजूला काढा. स्वस्त मशीनवर चांगला व्हाइस चालतो, उलटं चालत नाही. डीआरओ, म्हणजे टेबल किती सरकलं ते आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले, नंतर घ्या.

पावसाळ्यात जपा. माझ्या पहिल्या जुलैत टेबलावर तांबूस बुरशीसारखा गंज चढला, कारण मी हौसेने प्लास्टिक झाकलं होतं. आत दमट हवा कोंडली आणि पाणी धरलं. आता ६८ नंबरचं स्लाइडवे तेल पुसून वर जुनी सुती चादर. तीही घरातून विचारून घेतलेली.

परवा तोच प्रश्न विचारणारा आयटीआयचा पोरगा परत आला. खिशातून चिठ्ठी काढली, दार साडेएकोणतीस इंच. मी म्हटलं, शाब्बास, आणि जिन्याचं वळण? त्याने चिठ्ठी उलटसुलट केली, गाडीला किक मारली आणि पाथर्डी फाट्याकडे परत गेला.