गाळणं कुठे आहे?

नव्या घरातली पहिली संध्याकाळ. गॅस जोडून झाला होता, कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आलं होतं, साखर सापडली होती. किसणी मिळेना म्हणून आलं वाटीच्या बुडाने ठेचलं. चहा उकळून वर आला आणि नवऱ्याने विचारलं, "गाळणं कुठे आहे?"

घरात ४१ खोकी होती. त्यातल्या ११ खोक्यांवर माझ्याच अक्षरात 'स्वयंपाकघर, इतर' असं लिहिलं होतं. शेवटी तो चहा आम्ही धुतलेल्या हातरुमालातून गाळून प्यायलो. साबणाचा वास येत होता, पण दोघंही काही बोललो नाही. बोललो असतो तर भांडण झालं असतं.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही पुण्यातली भाडेकरू मंडळी, त्यामुळे 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' हे आमच्या बाबतीत अगदी अकरा महिन्यांच्या हिशोबाने खरं आहे. या अकराची गंमत अशी, की १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती बुजवली. आता करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. पळवाट गेली, अकरा मात्र राहिले. दर अकराव्या महिन्यात मालकांचा फोन आला, की 'सहज केला' म्हणेपर्यंत माझा जीव टांगणीला असतो.

तर त्या रुमालगाळ चहानंतर मी एक पिशवी सुरू केली. घरात तिला 'गाळण्याची पिशवी' म्हणतात. चहा, साखर, पातेलं, लायटर, दोन कप, गाळणं. शिवाय मोबाइलचे चार्जर, स्क्रूड्रायव्हर, एक बल्ब, न्हाणीघरातला मग, टॉवेल, रोजच्या गोळ्या, एक चादर आणि कराराची फाइल. ही पिशवी टेम्पोत जात नाही. ती माझ्या मांडीवर असते. बाकीचं सामान आठ दिवस खोक्यात राहिलं तरी कुणाचं अडत नाही, हे मला प्रत्येक वेळी नव्याने कळतं. पहिली रात्र आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ एवढीच काय ती निभवायची असते.

ही कल्पना माझीच, असं मी बरेच दिवस समजत होते. आईला सांगितलं तर ती हसली. बाबा बँकेत, दर तीन-चार वर्षांनी बदली, तीही आमच्या परीक्षा संपल्या की मे महिन्याच्या उन्हात. ट्रक पुढे जायचा आणि आम्ही एसटीने मागून. तेव्हा आईच्या पायाशी एक पत्र्याचा डबा असायचा, त्यावर आम्ही पाय ठेवून बसायचो. त्यात काय होतं ते मला आता कळलं: स्टोव्हची पिन, चहा-साखर, खिचडीपुरते डाळ-तांदूळ, मीठ, हातोडी. "आणि गाळणं?" मी विचारलं. "मग काय, पदराने गाळायची होते?"

आईची आणखी एक गोष्ट मी फार उशिरा शिकले. ती पेटीवर आत काय आहे ते लिहायचीच नाही. वर फक्त नंबर आणि खोली, बाकी सगळं वहीत. हमालाला 'इतर' म्हणजे काय ते कळत नाही, 'आतली खोली' कळतं. मी पुढच्या वेळेपासून तसंच केलं आणि 'ताई, हे कुठं ठेवू?' हा प्रश्न निम्म्याने कमी झाला. उरलेला निम्मा माळ्यावरच्या सामानाचा. या सामानाला खोलीच नसते. त्यातलं एक खोकं तर दोन घरांपूर्वीची चिकटपट्टी न काढताच तिसऱ्या घरात आलं होतं. उघडलं तर आत दिवाळी अंक. दिवाळी अंक मोठ्या खोक्यात भरू नयेत, हे मला एका हमालाने शिकवलं. खोकं पाठीवर घेताना तो म्हणाला, "ताई, पाटा-वरवंटा हाय का ह्यात?" तेव्हापासून पुस्तकं औषधाच्या दुकानातून आणलेल्या लहान खोक्यांत आणि उशा-पांघरुणं मोठ्या.

फ्रिज आदल्या रात्रीच बंद करून रिकामा करावा, उभाच न्यावा, आणि नव्या घरात पोहोचल्यावर दोन-तीन तास त्याला हात लावू नये. माणसांनाही हीच वागणूक मिळाली तर बरं.

गेल्या वर्षीचं घर बदलणं आलं नेमकं पितृपक्षात. मुदत संपत होती, इलाज नव्हता. आत्याचा फोन आला, "अगं, पंधरवड्यात कुणी घर बदलतं का?" छोटा हत्तीवाला मात्र भलताच खूश. एरवी चार दिवस ताटकळवणारा माणूस म्हणाला, "या दिवसांत कधी बी सांगा, गाडी मोकळीच हाय." सोसायटीची सामानाची लिफ्टही दिवसभर आमचीच. पितरांनी आमचं चांगलंच केलं म्हणायचं. आत्याचंही मन मोडायचं नव्हतं, म्हणून तोडगा काढला: सामान आत्ता न्यायचं, देव घटस्थापनेला. तोवर देव शेजारच्या काकूंकडे.

या खेपेला माझी तयारी चोख होती. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून पलंगालाच चिकटवलेले, टीव्हीमागच्या वायरींचा फोटो काढलेला, वही तयार. संध्याकाळी नव्या घरात पोहोचलो. मी ऐटीत पिशवी उघडली, पातेलं ठेवलं, चहा उकळला.

गाळणं नव्हतं.

मग आठवलं. सकाळी हमालांसाठी काकूंनी चहा टाकला होता. आठ जणांचा चहा त्यांच्या लहानशा गाळण्यातून गाळायला वेळ लागेल, म्हणून मीच पिशवीतलं आमचं मोठं गाळणं काढून दिलं होतं. नवरा काही बोलला नाही. त्याने खिशातून हातरुमाल काढला.

घटस्थापनेला सकाळी काकू देव घेऊन आल्या. पंचात गुंडाळलेली अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शंख, घंटा. पाठोपाठ आत्याही आली. देव एकेक करून ताम्हनात काढले. पिशवीच्या तळाशी वर्तमानपत्रात बांधलेलं आणखी काहीतरी होतं. आत्याने ते देवातलंच समजून नमस्कार केला आणि अलगद सोडलं. गाळणं होतं. चिंचेने घासून लखलखीत केलेलं.

तोवर घरात तीन गाळणी झाली होती. एक मी आणलं, एक नवऱ्याने, आणि एक आईने कुरिअरने पाठवलं होतं.