जोड्या जास्त, म्हणजे मुशी कमी

मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, पिल्लांचा डीएनए ताडून काढलेली नात्यांच्या जोड्यांची यादी आली तेव्हा आमच्याकडे आनंदीआनंद झाला. अपेक्षेच्या कितीतरी पट सावत्र भावंडं सापडली होती. प्रकल्पप्रमुखांनी लगेच अहवाल लिहायला घ्या म्हणून सांगितलं. मला मात्र यादी वाचताना धडकी भरली. आमच्या कामात जोड्या जास्त निघाल्या की समजायचं, जनावरं कमी आहेत.

बाहेरच्यांना हे उलटं वाटतं, म्हणून आधी हिशेब सांगते. समुद्रातली मुशी मोजता येत नाही. बिल्ला लावून सोडली तर ती पुन्हा हाती लागेलच असं नाही, आणि बिल्ला गळूनही पडतो. पिल्लाच्या डीएनएतली आईबापाची खूण मात्र गळत नाही. समजा ५०० मोठ्या माशांचे आणि ६०० पिल्लांचे नमुने घेतले, तर ३ लाख तुलना होतात. प्रत्येक पिल्लाला पालक दोन, म्हणून तुलनांच्या दुपटीला जोड्यांनी भागायचं: पालक-पिल्लू अशा ६ जोड्या मिळाल्या तर प्रौढ मासे अंदाजे १ लाख. १२ मिळाल्या तर ५० हजारच. मासा जिवंत असायचीही गरज नाही, पराचा नखाएवढा तुकडा पुरतो. सदर्न ब्लूफिन टुनाचे सुमारे १४,००० नमुने तपासून अशा ४५ जोड्या मिळाल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामाने प्रौढ टुना आधीच्या समजुतीपेक्षा बरेच जास्त असल्याचं दाखवलं, आणि तेही पकडीच्या वादग्रस्त आकड्यांना हात न लावता. मला ही पद्धत मनापासून आवडते ती यासाठीच.

मोठ्या मुशी सहसा हाती लागत नाहीत, म्हणून आम्ही भावंडांवरून जातो. वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या दोन पिल्लांची आई एकच निघाली, तर ती आई न पकडताच दोनदा सापडल्यासारखी होते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या पांढऱ्या मुशीचे प्रौढ साधारण ७५० असल्याचा २०१८चा अंदाज अशाच सावत्र भावंडांवरून आला.

पण पिल्लांची वर्षं वेगळी हवीत. मी यादी जन्मवर्षानुसार लावली, तर बहुतेक जोड्या एकाच वर्षाच्या. नमुन्यांच्या नळ्यांवरचे क्रमांक लागोपाठचे, तारीख एक, जाळं एक. म्हणजे एका विणीची पिल्लं एकत्र फिरत होती आणि एकत्रच अडकली. मुशीच्या एका विणीत अनेकदा दोन-तीन बाप असतात, त्यामुळे सख्खी वाटावीत अशी पिल्लंही सावत्र निघतात. त्या जोड्यांवरून एवढंच कळतं की एका आईची बरीच पिल्लं त्या जाळ्यात गेली. समुद्रात आया किती, ते त्यातून कळत नाही. संगणकाने काढलेल्या यादीवर आमच्या लोकांचा जेवढा विश्वास आहे तेवढा नळीवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर नाही. माझ्या मते उलटं असायला हवं.

एका वर्षाच्या जोड्या काढल्यावर उरलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या राहिल्या. आणि त्यातल्या एकीने माझी झोप उडवली.

एक मोठी मादी, एक लहान. दोघींच्या डीएनएतला साधारण चौथा हिस्सा सामाईक. आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए जुळतो, म्हणजे नातं आईकडून असणार. पण सावत्र बहिणींत जेवढं साम्य, तेवढंच आजी-नातीत आणि सख्ख्या मावशी-भाचीतही असतं. यातलं कुठलं ते ठरवायचं तर वय लागतं. वयासाठी मणक्याचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली फिकट-गडद पट्टे मोजावे लागतात. त्या मादीचा मणका ठेवलाच नव्हता. नोंद होती ती फक्त लांबीची. मोठ्या वयात मुशीची वाढ मंदावते, तेव्हा लांबीवरून काढलेलं वय बरीच वर्षं इकडेतिकडे होतं. एका टोकाला ती बहीण ठरते, दुसऱ्या टोकाला आजी. आणि पाच जोड्यांतली एक गळाली की अंदाज लगेच चौथ्या हिश्शाने वाढतो.

मी ती जोडी पूर्ण धरली नाही आणि टाकलीही नाही. वयाच्या प्रत्येक शक्यतेला तिच्या वजनाने हिशेबात घेतलं. उत्तर आलं ते रुंद पट्ट्याचं: कमीत कमी इतक्या, जास्तीत जास्त तितक्या. पुढच्या हंगामाची पकड ठरवायला ज्या कार्यालयाला ते हवं होतं त्यांच्या तक्त्यात संख्येसाठी एकच चौकोन आहे. मी दोन्ही टोकं त्यातच लिहून पाठवली. तक्ता 'दुरुस्तीसाठी' परत आला.

एक सहकारी म्हणतो, ती जोडी सोडून दे, एवढी अनिश्चित गोष्ट धरायचीच कशाला. तो प्रामाणिकपणे म्हणतो. पण जोडी सोडली की अंदाज वाढतो, आणि त्याबरोबर पुढच्या हंगामाची पकडही. पट्ट्याचं खालचं टोक खरं असेल तर एवढी पकड या मुशीला झेपणार नाही; ती उशिरा वयात येते आणि पिल्लंही थोडी देते. मी त्याच दोन टोकांसह तक्ता पुन्हा पाठवणार आहे. सोबत एक मागणी जोडली आहे: यापुढे पराच्या तुकड्याबरोबर मणकाही पाठवा.